निळ्या किरणांची लढाई आणि फैजपूरचा ग्राहक

फैजपुरात आमच्या मावसभावाच्या घरी लोखंडी कपाटावर एक काळे यंत्र गेली कित्येक वर्षे धूळ खात पडले आहे. शेजारी त्याच्याहून जड असा एक ट्रान्सफॉर्मर आहे आणि लाल डब्यांतल्या पाच चकत्या आहेत. हा भाऊ २००७ साली कंपनीच्या कामासाठी सहा महिने अमेरिकेत होता. नोव्हेंबरात परत येताना त्याने तिथून एक एचडी डीव्हीडी प्लेअर आणला. किंमत शंभर डॉलरच्या आत, म्हणजे त्या वेळच्या भावाने चार हजार रुपयांच्या आसपास. वस्तीतल्या पहिल्या इंजिनिअरने आणलेली वस्तू म्हणून सारी आळी पाहायला लोटली. यंत्र ११० व्होल्टचे, आपली वीज २३० व्होल्टची, म्हणून जळगावहून ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. त्यात भारनियमन. रात्री उशिरा वीज आली तेव्हा चित्र दिसले खरे, पण घरातला टीव्ही जुना, पिक्चर ट्यूबचा. त्यावर नव्या चकतीचे चित्र आणि जुन्या डीव्हीडीचे चित्र यांत फरक म्हणावा असा काही दिसेना. मावशी एवढेच म्हणाली, "यासाठी अमेरिकेहून ओझं वाहून आणलंस?"

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी २००८ रोजी, तोशिबा कंपनीने टोकियोत जाहीर केले की एचडी डीव्हीडीचा धंदा ती बंद करीत आहे. म्हणजे नवी यंत्रे नाहीत आणि हळूहळू नव्या चकत्याही नाहीत. आम्ही तेव्हा नुकतीच सनद घेतली होती. भाऊ वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, यात केस करता येईल का?"

त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. आज इतक्या वर्षांनी त्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. कारण प्रश्न एका डब्याचा नव्हता. दोन धनदांडगे भांडतात तेव्हा तिसऱ्याचे काय होते, हा तो प्रश्न होता आणि तो आमच्या समाजाच्या फार जवळचा आहे.

आधी प्रकरण समजून घेऊ. चकतीवर चित्र आणि आवाज अतिसूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात उमटवलेले असतात आणि लेसरचा किरण ते वाचतो. किरणाची तरंगलांबी जितकी कमी, तितके खड्डे लहान करता येतात आणि तितका जास्त ऐवज त्याच चकतीवर मावतो. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा होता. डीव्हीडीचा लाल किरण ६५० चा. नव्या चकत्यांचा किरण निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. चकती तीच, बारा सेंटिमीटरची. पण सीडीवर ७०० एमबी, डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ जीबी, एचडी डीव्हीडीच्या एका थरावर १५ जीबी आणि ब्लू-रेच्या एका थरावर २५ जीबी मावू लागले.

किरण दोघांचा एकच होता. चित्र दाबून बसवण्याच्या पद्धतीही दोघांच्या त्याच होत्या. नक्कल होऊ नये म्हणून लावलेले मूळ कुलूपही एकच होते. मग भांडण कशाचे? चकतीत माहितीचा थर किती खोल ठेवायचा, याचे! एचडी डीव्हीडीत तो जुन्या डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल होता, त्यामुळे जुन्या कारखान्यांतच थोड्या फेरफारांनी ती काढता येत होती. ब्लू-रेत तो थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर होता. जागा जास्त मिळाली, पण यंत्रसामग्री नवी लागली. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक. पण त्यामागे कोणाचे पेटंट, कोणाचा कारखाना आणि दर चकतीमागे रॉयल्टी कोणाच्या खिशात, हा खरा हिशेब होता. २००५ साली दोन्ही गटांत तडजोडीची बोलणी झाली आणि फिसकटली. ग्राहकाला मात्र सांगण्यात आले की हा चित्राच्या दर्जाचा प्रश्न आहे.

एका बाजूला तोशिबा, एनईसी, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल. दुसऱ्या बाजूला सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स, पायोनिअर, सॅमसंग. हॉलिवूडचे स्टुडिओही वाटले गेले. युनिव्हर्सल एका गोटात. डिस्ने, फॉक्स आणि सोनीचा स्वतःचा कोलंबिया दुसऱ्या गोटात. वॉर्नरचा एक पाय इकडे, एक तिकडे. २००६ साली अमेरिकेत पहिला एचडी डीव्हीडी प्लेअर ४९९ डॉलरला आला, तर ब्लू-रेचा पहिला प्लेअर ९९९ डॉलरला. म्हणजे स्वस्त कोण आणि महाग कोण, हे उघड होते. तरी स्वस्त हरला. का हरला?

सोनीने त्याच वर्षी आपल्या प्लेस्टेशन-३ या खेळाच्या यंत्रातच ब्लू-रे बसवून दिला. पोरांनी खेळासाठी यंत्र घेतले आणि घरोघर ब्लू-रे न मागता पोहोचला. पॅरामाउंट २००७ च्या ऑगस्टमध्ये फक्त एचडी डीव्हीडीकडे गेला, तेव्हा पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन यांना मिळून पंधरा कोटी डॉलरचे प्रोत्साहन मिळाल्याचे अमेरिकन वृत्तपत्रांनी छापले. मग ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने ब्लू-रेची निवड जाहीर केली आणि पारडे फिरले. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट यांनी एचडी डीव्हीडीकडे पाठ फिरवली. त्यानंतर चारच दिवसांनी तोशिबाने शस्त्र खाली ठेवले. तोवर जगभर सुमारे दहा लाख एचडी डीव्हीडी यंत्रे विकली गेली होती. या साऱ्या हालचालींत ज्यांनी पैसे मोजून यंत्रे घेतली, त्या लाखो ग्राहकांना कोणी एका शब्दाने तरी विचारले काय? निकाल बाजाराने दिला असे म्हणतात. निकाल बंद खोलीत झाला, बाजाराने तो फक्त ऐकला.

हे पहिल्यांदाच घडत होते असेही नाही. १९७५ साली सोनीने बीटामॅक्स कॅसेट आणली आणि १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस. बीटाचे चित्र चांगले म्हणत, पण सुरुवातीची कॅसेट तासाभराची होती. व्हीएचएसवर दोन तासांचा सिनेमा मावत होता आणि जेव्हीसीने ती पद्धत अनेक कंपन्यांना वापरू दिली. बीटा हरली. ज्यांनी बीटाचे यंत्र घेतले होते त्यांनी मुकाट्याने दुसरे घेतले. पण या दोन लढायांच्या मधली एक घटना आम्हाला फार मोलाची वाटते आणि ती कोणी फारशी सांगत नाही.

१९९५ साली हेच दोन गट डीव्हीडीच्या जन्माच्या वेळी असेच समोरासमोर उभे होते. सोनी-फिलिप्सची एक चकती, तोशिबा आणि टाइम वॉर्नर यांची दुसरी. त्या वेळी आयबीएम, ॲपल, कॉम्पॅक, एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या संगणक कंपन्या एकत्र बसल्या. या चकत्या आपल्या संगणकांत लाखोंनी बसणार, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी बजावले की एकच नमुना ठरत नाही तोवर आम्ही कोणाचाच घेणार नाही. आयबीएमचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी मध्यस्थी केली. आणि काय आश्चर्य! जे शक्य नाही म्हणत होते ते काही महिन्यांत शक्य झाले. एकच डीव्हीडी जन्माला आली आणि जगाने ती डोळे झाकून घेतली.

१९९५ आणि २००५ यांत फरक तो एवढाच. दोन्ही वेळा कंपन्या त्याच, लोभ तोच. पहिल्या वेळी खरेदीदार संघटित होता, दुसऱ्या वेळी तो विखुरलेला होता. 'संघटित व्हा' हा बाबासाहेबांचा आदेश आम्ही मोर्चापुरता आणि निवडणुकीपुरता समजतो. तो बाजारालाही तितकाच लागू आहे. एकटा ग्राहक म्हणजे गिऱ्हाईक. संघटित ग्राहक म्हणजे पक्षकार.

या लढाईतला आणखी एक माणूस विसरून चालणार नाही. निळ्याशी आमचे नाते वेगळे सांगायला नको, म्हणून ही निळी कथा सांगतो. निळा प्रकाश देणारा अर्धवाहक बनवणे हे अनेक वर्षे शास्त्रज्ञांना न सुटलेले कोडे होते. जपानमधल्या निचिया या त्या वेळी लहान असलेल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली तेजस्वी निळी एलईडी साध्य केली आणि पुढे निळा लेसरही. त्या शोधाच्या पेटंटबद्दल कंपनीने त्यांच्या हातावर ठेवले वीस हजार येन! नाकामुरा कोर्टात गेले. टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये त्यांना २,००० कोटी येन द्यावेत असा निकाल दिला. अपिलात जानेवारी २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ साली अकासाकी आणि अमानो यांच्यासह त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. ज्या किरणासाठी महाकाय कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या, तो किरण काढणाऱ्या नोकरदाराला आपल्या घामाचे मोल कोर्टातून मागावे लागले. श्रम एकाचा आणि मालकी दुसऱ्याची, हे दुखणे जपानातही आहे.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. इथे ही लढाई कोणी जिंकली? कोणीच नाही. त्या दोन्ही चकत्या सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचल्याच नाहीत. २००७ साली भारतात आलेल्या प्लेस्टेशन-३ ची किंमत चाळीस हजारांच्या घरात होती. केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या मजुराने ती कुठून द्यावी? आमच्याकडे जिंकली ती व्हीसीडी. १९९३ साली आलेली, चित्राने धूसर, अमेरिकेने कधी जवळ न केलेली. एका चकतीवर सव्वा तासाच्या आसपासच मावायचे, म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन चकत्यांत यायचा. पण तिच्यावर कुलूप नव्हते आणि जगाची वाटणीही नव्हती.

ही वाटणी काय होती ते ऐका. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले होते: अमेरिका विभाग एक, भारत विभाग पाच. एका विभागाचे यंत्र दुसऱ्या विभागाची चकती नाकारायचे. आमच्या भावाच्या यंत्राने इथल्या बाजारातल्या बऱ्याच डीव्हीडी अशाच नाकारल्या. पैसे मोजून घेतलेली चकती, पैसे मोजून घेतलेले यंत्र, पण जन्माचा विभाग वेगळा म्हणून प्रवेश नाही! गावकुसाबाहेर ठेवण्याची ही रीत आम्हाला नवी नाही; ती प्लॅस्टिकच्या चकतीलाही लावता येते, हे मात्र नवे होते. ब्लू-रेने पुढे जगाचे तीन विभाग केले.

बिनकुलपाच्या व्हीसीडीने काय केले ते खान्देशाने पाहिले आहे. शेजारच्या मालेगावात शेख नासिर या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणाने यंत्रमाग कामगारांना घेऊन २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. तिथल्या या उद्योगावर २००८ साली फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. पुढे खान्देशी बोलीतल्या विनोदी फिती चकत्यांवर गावोगावच्या बाजारात आल्या. २००७ साली नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा रीतसर चकतीही मजुराच्या आवाक्यात आली. त्याआधीचा बराच व्यापार चोरीच्या नकलांचा होता, हे वकील म्हणून आम्ही नाकारत नाही. पण ज्यांच्यासाठी थिएटरचे तिकीट महाग होते त्यांना दार कोणी उघडून दिले, हेही नाकारता येत नाही.

आणि आमच्या चळवळीचे काय? वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज आधी मैदानात, मग कॅसेटवर आणि मग चकतीवर घरोघर गेला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी चकत्यांचे ढीग लागत. जब्बार पटेल यांचा २००० सालचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट आमच्या वस्तीने थिएटरात नव्हे, विहारात भाड्याच्या टीव्हीवर पाहिला. भीमगीतांचा हा व्यापार मोठा होता, पण पुष्कळ शाहिरांना एकरकमी पैसे घेऊन सही करावी लागे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा सांगतो की गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला वाटा सही करूनही असा सोडून देता येत नाही. नाकामुरांना कोर्टात जे भांडून घ्यावे लागले, ते तत्त्व आमच्या शाहिरांसाठी कायद्यात आले आहे. किती शाहिरांच्या घरी ते पोहोचले, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावात विचारून पाहावे.

पण व्हीसीडीचाही काळ सरला. मेमरी कार्ड आले, २०१६ साली जिओ आले आणि चकतीची दुकाने मोबाइलची दुकाने झाली. मोझर बेअर २०१८ साली अवसायनात निघाली. आणि ब्लू-रेचा विजय तरी किती टिकला? तोशिबा स्वतः २००९ साली ब्लू-रेच्या संघटनेत सामील झाली. सॅमसंगने २०१९ साली अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबवले. नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी टपालाने शेवटची चकती पाठवली. सोनीने कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले. म्हणजे विजेत्याचे राज्यही संपत आले. आता सिनेमा तारेतून येतो. महिन्याचे पैसे भरा तोवर पाहा, थकले की कपाट रिकामे. लाल डब्यातली चकती निदान भावाच्या मालकीची तरी आहे!

आता भावाच्या प्रश्नाचे उत्तर. २००८ साली १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होता. त्यात दावा करायचा तर वस्तूत दोष हवा. यंत्र तर ठणठणीत होते, आजही आहे. संपला तो चकत्यांचा पुरवठा. आणि चकत्या निघत राहतील असे लेखी वचन कोणी दिले नव्हते. शिवाय खरेदी अमेरिकेतली, मग इथल्या मंचाने दावा घ्यावा कसा? २०१९ च्या नव्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय दिली, हे चांगले झाले. पण नमुनाच मारून टाकणाऱ्याला जाब विचारणारे कलम त्यातही नाही. तेव्हा भाऊ, केस होत नव्हती. जिथे कलम नाही तिथे संघटनाच लागते, १९९५ साली लागली तशी.

पण एक नुकसान असे आहे की ज्याची भरपाई कोणतेही कोर्ट करू शकत नाही. आमच्या वस्तीतले एक आजोबा तरुणपणी भुसावळहून रेल्वेने नागपूरला गेले होते आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी तिथे धम्मदीक्षा घेतली होती. २००५ साली आम्ही पोरांनी वर्गणी काढली, लग्नाचे शूटिंग करणाऱ्याला बोलावले आणि त्यांची पन्नास मिनिटांची मुलाखत चकतीवर उतरवली. गाडीत कोण कोण होते, शिदोरी काय होती, मैदानात बसायला जागा कुठे मिळाली, बाबासाहेब बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना स्वतःला काय दिसले, सारे त्यात होते. चकती विहाराच्या पेटीत ठेवली आणि काम फत्ते झाले असे समजलो. २०२२ साली नातवाने ती मागितली. आजोबा जाऊन बारा वर्षे झाली होती. चकतीवरचा चकचकीत पापुद्रा सुटला होता. आमच्या लॅपटॉपला चकतीचे खणच नव्हते. जुना संगणक शोधून खटपट केली, तेव्हा अकरा मिनिटे हाती लागली. त्यात शिदोरी आहे, गाडी आहे. मैदान नाही.

हा दोष कोणत्या कंपनीचा? कोणाचाच नाही. तो आमचा आहे. आम्ही आमची आठवण एकाच चकतीवर, एकाच पेटीत ठेवली. १९५५ साली बीबीसीने बाबासाहेबांची मुलाखत ध्वनिमुद्रित केली आणि जपली, म्हणून तो आवाज आज आपण ऐकतो. त्यांच्याकडे जपण्याची व्यवस्था होती. आमच्याकडे पेटी होती.

कोर्टातही आम्ही हेच पाहतो. जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या व्हीसीडी पुरावा म्हणून आल्या. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ यंत्रच कोर्टात हजर केले नाही, तर नकलेसोबत कायद्याने सांगितलेला दाखला हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ खाली तो दाखला आहे. अत्याचाराच्या प्रकरणात कोणी मोबाइलवर चित्रण केले असेल, तर तो मोबाइल विकू नका, चित्रण पुसू नका, नक्कल कोणी केव्हा काढली ते लिहून ठेवा. साक्षीदार फिरतो, नीट जपलेले चित्रण फिरत नाही.

म्हणून प्रत्येक विहाराला आमची विनंती आहे. येत्या वर्षावासातला एक रविवार यासाठी द्या. घराघरांतल्या कॅसेटी, व्हीसीडी, लग्नाच्या आणि जयंतीच्या फिती, जुन्या कार्यकर्त्यांची भाषणे गोळा करा. ज्याच्याकडे चालू टेप आणि चकतीचा संगणक आहे त्याला मानाने बोलवा. जे उतरवाल ते कोणत्याही यंत्रावर चालेल अशा साध्या एमपी-३ आणि एमपी-४ स्वरूपात उतरवा. नकला दोन काढा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. दर पाच वर्षांनी त्या नव्या साधनावर चढवा. वर नाव, गाव, तारीख लिहा. सुरुवात आपल्या स्वतःच्या फितींपासून करा; त्यांची मालकी आपली आहे, तिथे कोणाची परवानगी लागत नाही. विकत घेतलेल्या गाण्यांच्या बाबतीत आधी शाहिराच्या घरच्यांना विचारा.

मागच्या महिन्यात भाऊ म्हणाला, तो डबा आता भंगारात घालतो. आम्ही म्हटले, चकत्या आणि यंत्र दे हवे तर, ट्रान्सफॉर्मर राहू दे. वस्तीतल्या एका घरी दुबईहून आलेला जुना टेप आहे, तो २२० चा की ११० चा हे कोणाला आठवत नाही. त्या घरात आजोबांच्या पिढीतल्या एका बाईंच्या ओव्यांची कॅसेट आहे. येत्या रविवारी तिथूनच सुरुवात आहे.